मुलीच्या बायोडेटात 'होमली' लिहिलेलं चालतं का? अमेरिकेत म्हणे त्याचा अर्थ भलताच होतो, खरं का?

खरं आहे. आणि लिहू नका. या एका शब्दावरून माझं आणि मामांचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. ताईसाठी स्थळं बघायला लागलो तेव्हा बायोडेटा मामांनी केला, कारण मामा बँकेतून रिटायर झालेले आणि घरात इंग्रजीचा मक्ता त्यांच्याकडे. वर गणपती, खाली गोत्र-नाडी आणि मधे 'फेअर, स्लिम, होमली'. ताई सीए आहे हो. सप्टेंबरात टॅक्स ऑडिट आले की रात्री दहाच्या आत घरी नाही, आणि कुकरच्या शिट्या किती करायच्या ते आईला फोन करून विचारते. आपल्याकडे होमली म्हणजे घरात रमणारी, स्वैपाक येणारी आणि स्पष्टच सांगायचं तर उलट न बोलणारी, यातलं एकही तिला लागू नाही. मी म्हटलं काढा, तर मामा म्हणाले, सगळेच लिहितात, तुला काय कळतं.

मग न्यू जर्सीचं स्थळ आलं. व्हिडिओ कॉलवर मुलाची वहिनी, तिकडेच जन्मलेली, छान बोलली आणि शेवटी बिचकत ताईला म्हणाली, तुझ्याबद्दल असं कुणी लिहिलं? तिकडे माणसाला होमली म्हटलं की दिसायला यथातथा, अग्ली म्हणणं बरं दिसत नाही तेव्हा वापरायचा शब्द. अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याला त्या काळचे लोक होमलीच म्हणायचे. ताईला हसू आवरेना. मामा मात्र उठून ऑक्सफर्डची डिक्शनरी घेऊन आले आणि बोट ठेवून दाखवलं, साधं, घरगुती, ऊबदार. बरोबरच आहे, ब्रिटिश अर्थ तोच. पण त्याच नोंदीत खाली नॉर्थ अमेरिकन म्हणून दुसरा अर्थ दिलेला, त्यावर मामांचा अंगठा होता! ते स्थळ नाडीवरून मोडलं, शब्दावरून नाही, हे मामा अजून आवर्जून सांगतात.

बरं, हा अर्थ अमेरिकेनं नव्यानं काढलेला पण नाही. शब्द 14व्या शतकापासूनचा, घरचा म्हणून साधा, साधा म्हणून दिसायलाही साधा, असा घसरत गेला, शेक्सपिअरनेसुद्धा रूपाबद्दल वापरलाय. ऊबदार घराला अमेरिकन लोक होमी म्हणतात, पण तेही मुलीला लावू नका, होमी म्हणजे तिकडे यार-दोस्त पण होतो.

मग लिहायचं काय, तर मुलगी जे करते ते लिहा. घर सांभाळते तर तसं लिहा, स्वैपाकाची आवड असेल तर तेही लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मुलाच्या बायोडेटात होमली लिहिलेलं मी तरी आजवर पाहिलं नाही. मामांच्या स्वतःच्या मुलाच्या बायोडेटात 'वेल सेटल्ड' होतं, आणि तो पोहे असे करतो की आमच्याकडे पाहुणे आले की त्यालाच बोलावतात. हे मामांना विचारलं की ते क्रिकेटवर येतात.

हां, माणसं सोडून बाकी ठिकाणी एवढा विचार करू नका. इंग्लंडमधल्या छोट्या हॉटेलला कुणी होमली म्हटलं तर ती स्तुतीच असते. आणि भंवरकुआंला कोचिंगच्या पोरांसाठी पीजीवर 'होमली फूड'च्या पाट्या असतात, त्या खुशाल राहू द्या, तिथे भांडण असतं ते डाळीत पाणी किती याचं.