जुनी डॅफ ४४ घ्यावी का? गिअर नसल्यामुळे ती चढावर दमते का?

नोकरीसाठी नेदरलँड्सला आल्यावर एक जुनी डॅफ ४४, म्हणजे इथल्याच डॅफ कंपनीची छोटी मोटार, घ्यावी असे तुमच्या मनात आहे. पण सहकारी तिला म्हाताऱ्यांची गाडी म्हणतात, ती चढावर दमते आणि गिअर नसलेली गाडी ही खरी गाडीच नव्हे, असेही सांगतात. यात तथ्य किती, हा तुमचा प्रश्न आहे. यातले शेवटचे वाक्य मी बाविसाव्या वर्षापासून ऐकत आले आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

माझे वडील एसटीत चालक होते आणि सातारा-स्वारगेट मार्गावर खंबाटकीचा घाट त्यांनी निम्मे आयुष्य चढला-उतरला. पहिल्या पगारांतून पैसे साठवून मी जुनी किनेटिक होंडा घेतली, तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून अण्णा म्हणाले, "गिअर नाही ती गाडी नव्हे. हिच्यावर बसणाऱ्याला चालवायला येतं असं मी म्हणणार नाही." मी यंत्र अभियांत्रिकी शिकले, आइंडहोव्हनला आले, १९७० ची डॅफ ४४ घेतली, तरी ते वाक्य मनातून गेले नाही.

अण्णा उन्हाळ्यात इकडे आले तेव्हा त्यांना शेजारी बसवून मी फाल्केनबुर्गला गेले. हा देश सपाट असला, तरी दक्षिण लिम्बुर्गमध्ये टेकड्या आहेत आणि तिथल्या काउबर्ग नावाच्या रस्त्याचा चढ सर्वांत तीव्र जागी १२ टक्क्यांपर्यंत जातो. चढ लागताच मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. ८४४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन एका वरच्या सुरात स्थिर झाले आणि तो सूर पुढे बदललाच नाही. अण्णांनी डावा पाय नकळत खाली दाबला, जिथे त्यांच्या सवयीने क्लच असायचा, आणि ते म्हणाले, "थांबव. क्लच प्लेट गेली. नुसती रेस होतेय." चालकाच्या कानाला ते तसेच वाटणार, कारण त्यांच्या गाडीत इंजिन ओरडते आणि वेग वाढत नाही तेव्हा क्लच घसरत असतो. मी त्यांना काटा पाहायला सांगितले. वेग टिकून होता, आणि पुढची सायकलस्वारांची रांग मागे टाकून आम्ही माथ्यावर पोहोचलो.

वर एका ओल्या गवताच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. मी टॉर्च दिला आणि अण्णा, गुडघे दुखत असूनही, खाली वाकून मागच्या चाकांपाशी कितीतरी वेळ पाहत राहिले. इंजिन पुढे, तिथून लांब दांडा मागे, आणि मागे पुलींच्या दोन जोड्यांवर दोन रबरी पट्टे. पुढच्या पुलीचे दोन अर्धे भाग फिरत्या वजनांच्या जोराने आणि इंजिनाच्या निर्वाताने, म्हणजे हवेच्या ओढीने, जवळ येतात किंवा दूर जातात, त्याप्रमाणे पट्टा वर चढतो किंवा खाली उतरतो आणि मागची पुली त्याच्या उलट करते. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर नाहीत, तर मधले सगळेच आहेत, आणि चढावर इंजिन आपल्या जोराच्या जागीच धरून ठेवले जाते. किनेटिक होंडातही तत्त्व हेच होते, हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट सांगितले.

निघताना डावे चाक चिखलात होते. या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी, नाही. प्रत्येक पट्टा आपापले चाक ओढतो, म्हणून एक चाक घसरले तरी दुसऱ्याचा जोर जात नाही. गाडी सरळ बाहेर आली. अण्णा एवढेच म्हणाले, "आमची असती तर माणसं उतरवून ढकलायला लावली असती."

उतारावर मात्र त्यांचा आक्षेप योग्य होता. घाटात गिअर पाडून उतरायचे ही त्यांची शिस्त, आणि पाय काढताच ही गाडी सैल सुटते. त्यासाठी डॅशबोर्डवर एक बटण आहे. ते ओढले की पट्टा खालच्या गुणोत्तरात राहतो आणि इंजिनाचा ब्रेक लागतो. ते न वापरता उतरणे चूकच आहे.

म्हाताऱ्यांच्या गाडीबद्दल सांगायचे, तर डॅफचे संस्थापक हुब फान डॉर्न यांनी १९५८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ५९० सीसीची डॅफ ६०० मांडली, तेव्हापासून हा शिक्का तिच्यावर बसला आहे. तो मारणाऱ्यांना सांगा की १९६८ च्या लंडन ते सिडनी शर्यतीत डॅफ ५५ याच पट्ट्यांवर काबूल, दिल्ली करत मुंबईला आली, तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली आणि सिडनीला पोहोचली. मी अण्णांनाही हेच सांगितले. त्यांनी मुंबईचे दोनदा विचारून घेतले. पुढे फान डॉर्न यांच्याच कंपनीने रबराऐवजी पोलादी पट्टा केला, आणि आज भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक सीव्हीटी, म्हणजे अशाच पायऱ्या नसलेल्या गिअरच्या, गाड्यांचे मूळ तेच आहे.

तर घ्या. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ता कर नाही, आणि पन्नास वर्षे झाली की ठराविक मुदतीने होणाऱ्या सरकारी तपासणीचीही सक्ती नाही, म्हणून तपासणी तुम्हालाच करावी लागेल. पत्र्याचा गंज, विशेषतः तळाचा, आधी पाहा. पट्टे एकाच वेळी, जोडीनेच बदला आणि त्यांच्यावर तेल पडू देऊ नका. वळणावर वेग आवरा, कारण मागच्या चाकांची जुन्या पद्धतीची जोडणी अचानक ब्रेक मारणे सहन करत नाही. आणि गाडी पाहायला जाताना सहकाऱ्यांपैकी कोणी बरोबर आलाच, तर त्याला पुढच्या सीटवर बसवा, चढावर न्या आणि क्लच घसरतोय असे तो म्हणाला की टॉर्च द्या.