पुण्यात घाट चढणाऱ्या सायकलस्वारांना सोबत गाडी न घेता स्पीतीतून कुंझुम खिंड ओलांडता येईल का?

तुम्ही विचारले आहे की, दर आठवड्याला सिंहगड किंवा खंबाटकी चढणाऱ्या दोघा मित्रांना सप्टेंबरमध्ये माउंटन बाइकवर, मदतीला गाडी न ठेवता, मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे हिमाचल प्रदेशाच्या स्पीती खोऱ्यातले मुख्य गाव काझा आणि तेथून सिमला गाठता येईल का, आणि त्यासाठी पायांची तयारी किती हवी. गाठता येईल, मात्र माझा सल्ला असा की मार्ग उलटा करावा, म्हणजे सिमल्याहून निघून काझामार्गे मनालीला उतरावे. पायांबद्दल सांगायचे तर जो माणूस सलग तीन-चार दिवस सामानासह रोज 50-60 किलोमीटर घाटरस्त्यावर चालवू शकतो, त्याचे पाय येथे पुरतात. रोज रात्री किती उंचीवर झोपायचे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोठे असायचे, या दोन गोष्टींचा हिशेब मात्र घरून निघण्यापूर्वीच पक्का करावा लागतो.

सिंहगड सुमारे 1300 मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटर. कुंझुम खिंड 4551 मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 58 टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. आपल्याकडे कितीही सराव केला तरी शरीराला या उंचीची सवय होऊ शकत नाही, कारण तशी उंचीच आपल्याकडे नाही. उलट दणकट सायकलस्वारच पुष्कळदा अडचणीत येतात. शरीर विरळ हवेशी जुळवून घेण्याआधीच त्यांचे पाय त्यांना वर नेऊन ठेवतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक रात्र जादा काढावी, हा गिर्यारोहकांचा नियम सायकलस्वारांनाही तितकाच लागू आहे. त्यात दिवसभरात गाठलेल्या उंचीपेक्षा झोपण्याच्या उंचीला महत्त्व आहे.

आता हा नियम दोन्ही दिशांना लावून पाहा. मनाली साधारण 2050 मीटरवर आहे. तेथून निघाल्यास पुढचे मुक्काम छतडू (सुमारे 3350), बातल (सुमारे 3960) आणि कुंझुमपलीकडचे लोसर (सुमारे 4080) असे पडतात. म्हणजे मोजक्या रात्रींत झोपण्याची उंची दोन हजार मीटरने वाढते, आणि मधे थांबावेसे वाटले तरी सोयीची जागा नसते. लोसरला पोहोचून प्रकृती बिघडलीच, तर एका बाजूला नुकतीच ओलांडलेली खिंड असते आणि दुसऱ्या बाजूला काझा, जे फक्त साडेतीनशे-चारशे मीटर खाली आहे. उंचीच्या आजारावर खाली उतरणे हाच खरा उपाय असतो, आणि तोच येथे हाताशी नसतो.

सिमल्याकडून रस्ता लांब पडतो, सिमला ते काझा चारशे किलोमीटरहून अधिक, परंतु चढ हळूहळू येतो. नारकंडा 2700 मीटरवर आहे, तेथून सतलजच्या काठी रामपूरला उतरताना आपण हजार मीटरपर्यंत खाली येतो, आणि मग नदीच्या कडेने किन्नौर जिल्ह्यात शिरतो. कल्पा (सुमारे 2960) येथे दोन रात्री काढाव्यात. पुढे खाब येथे स्पीती नदी सतलजला मिळते आणि रस्ता वळणे घेत नाकोपर्यंत हजार मीटरहून अधिक चढतो. बहुतेक जण 3660 मीटरवरच्या नाकोत मुक्काम करतात, कारण गाव सुंदर आहे आणि तळे त्याहून सुंदर. पण कल्पाहून थेट तेथे झोपण्यापेक्षा नाकोत जेवून पलीकडे चांगोला, म्हणजे पुन्हा तीन हजार मीटरच्या आसपास, उतरणे शहाणपणाचे. त्यानंतर ताबो (3280), जिथला मठ इसवी सन 996 मध्ये स्थापन झाला आणि जिथे अर्धा दिवस भित्तिचित्रे पाहण्यात गेला तरी तो शरीराच्या दृष्टीने कारणीच लागतो, आणि मग काझा.

किन्नौरचा टप्पा निर्जन मुळीच नाही. जलविद्युत प्रकल्पांचे ट्रक, धूळ, कड्यावरून सुटणारे दगड आणि पावसाळा लांबला तर दरडी, असे त्याचे रूप आहे. सुट्टी कमी असेल तर सिमल्याहून कल्पाच्या खालच्या रिकाँग पिओपर्यंत सायकल बसच्या टपावर टाकून जाण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. फक्त कल्पातल्या दोन रात्री वाचवू नका.

काझात (सुमारे 3700) निदान तीन रात्री राहा. मधल्या एका दिवशी सामान खोलीवर ठेवून मोकळ्या सायकलीने लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही वरची गावे करून या. कोमिक सुमारे 4587 मीटरवर आहे, म्हणजे कुंझुमपेक्षाही किंचित उंच. तिथपर्यंत चढून जाणे, तासभर बसणे आणि रात्री काझात परतून नीट झोप लागणे, ही खिंडीची पूर्वपरीक्षा समजा. त्या संध्याकाळी डोके ठणकत असेल, जेवण जात नसेल किंवा मळमळत असेल, तर लोसरकडे निघू नका. आणि चालताना तोल जाऊ लागला, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत राहिली, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येण्याचे ते लक्षण असू शकते; अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री वाहन करून खाली निघायचे असते. काझात सरकारी आरोग्य केंद्र आहे. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. त्या गोळ्यांनी शरीराला सवय लवकर होते, मात्र मधले मुक्काम वगळण्याची मुभा त्या देत नाहीत.

खरे रान सुरू होते ते लोसरच्या पुढे. तेथून कुंझुम, बातल, छोटा दडा, छतडू आणि ग्राम्फू हा सुमारे 80 किलोमीटरचा टप्पा आहे. या अंतरात बारमाही वस्तीचे गाव नाही, फक्त हंगामात चालणारे काही ढाबे आणि तंबू असतात. सीमा रस्ते संघटनेची कामे चालू असल्याने एखादा तुकडा या वर्षी बरा सापडेल, पण चंद्रा नदीच्या काठचा बराच भाग रस्ता म्हणण्यापेक्षा नदीने टाकून दिलेल्या गोट्यांचा पट्टा म्हणावा असाच आहे. सपाटीवरही ताशी सहा-सात किलोमीटरचा वेग धरून चाला.

या टप्प्यावर दिवसाचे वेळापत्रक हिमनद्या ठरवतात. चंद्रेच्या खोऱ्यात बडा शिगडीसारख्या मोठ्या हिमनद्या आहेत, आणि दोन्ही काठांना लहान हिमनद्यांचे नाले उतरतात. त्यांपैकी कित्येक थेट रस्त्यावरूनच वाहतात. रात्रीच्या गारठ्यात बर्फ वितळणे थांबते, म्हणून पहाटे जो नाला घोट्याएवढा असतो, तोच उन्हाचे पाणी खाली पोहोचल्यावर दुपारी तीन-चारच्या सुमारास गुडघ्यावर येतो आणि त्याबरोबर दगडही वाहून आणतो. म्हणून बातलहून उजाडताच निघावे आणि दुपारच्या आत छतडू गाठावे. नाला सायकलवर बसून ओलांडण्याचा मोह टाळा. पायात सँडल किंवा बूट ठेवा (अनवाणी कधीही नाही), सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा म्हणजे पाण्याच्या लोटाने ती तुमच्या अंगावर येणार नाही, आणि पाणी गुडघ्याच्या वर वाटले तर काठावरच थांबून राहा. पहाटे ते उतरतेच.

सप्टेंबर निवडलात हे उत्तम केलेत, कारण तोपर्यंत नाल्यांचा जोर ओसरलेला असतो आणि मनालीकडचा पाऊसही कमी होऊ लागतो. तरी महिन्याचा पहिला पंधरवडा धरा. सप्टेंबर 2018 च्या शेवटच्या आठवड्यात लाहौल-स्पीतीत अवेळी मोठी बर्फवृष्टी होऊन शेकडो लोक अडकले होते, आणि जुलै 2023 मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, बातलजवळच्या चंद्रताल तळ्यापाशी अडीचशेहून अधिक पर्यटकांना बर्फामुळे दिवसेंदिवस थांबावे लागले होते. परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवा. काझात असताना रोज संध्याकाळी मनालीकडून आलेल्या चालकांना रस्ता विचारा. मोबाइलवरच्या हवामानापेक्षा त्यांची माहिती ताजी असते.

सायकलीबद्दल थोडक्यात. पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल पुरते, टायर निदान 2.1 इंची असावेत. गिअर असा हवा की सामानासह चढावर पाय फिरते राहतील: पुढे 30 दात असतील तर मागे 50 च्या आसपास. सामान दहा-बारा किलोंच्या वर जाऊ देऊ नका आणि ते शक्यतो फ्रेमला घट्ट बांधलेल्या पिशव्यांत ठेवा, कारण मागच्या कॅरिअरचे बोल्ट गोट्यांवर ढिले होतात आणि तुटतातही. डिरेलरचा (मागच्या गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा, तुमच्याच मॉडेलचा, जादा घेऊन जा. साखळीचे जोड, ब्रेक पॅड आणि स्पोक आणखी कोठे तरी मिळतील, पण हा हँगर मनालीआधी मिळेल अशी आशा ठेवू नका. नाले ओलांडल्यावर साखळी पुसून तेल देण्याचा कंटाळा करू नका.

उंचीवर भूक मरते, आणि नेमके तेव्हाच जास्त खावे लागते. चार हजार मीटरवर पाणी 86-87 अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. स्वतः रांधण्याचा उत्साह असेल तर एवढे ध्यानात ठेवा. माझ्या मते ढाब्यावरचा राजमा-भात आणि थुक्पा (तिबेटी नूडल्सचे सूप), आणि खिशात चिक्की, खजूर व खारे शेंगदाणे, ही जोडी सर्वांत भरवशाची. नदीचे पाणी गाळाने करडे असते आणि फिल्टर चोंदतो. झऱ्याचे पाणी भरा किंवा भांड्यात निवळू द्या.

लोसरच्या पुढे मोबाइलचे नेटवर्क गृहीत धरू नका. परदेशांत सायकलस्वार उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे सर्रास बाळगतात, परंतु भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती जवळ ठेवणे बेकायदा आहे आणि त्यासाठी अटक झाल्याची उदाहरणे आहेत. त्याऐवजी लोसरच्या पोलीस चौकीत नोंद करा, घरी मुक्कामांची यादी ठेवा आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन न आल्यास चौकशी करायची हे आधीच ठरवा. रोख रक्कम काझातच काढून घ्या.

चंद्रतालला जायचे असेल तर बातलच्या अलीकडे फाटा लागतो. तळ्याच्या काठावर तंबू टाकायला मनाई आहे, मुक्कामाच्या छावण्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत. या दिशेने आलात तर तेथे रात्र काढण्यापूर्वी शरीर तयार झालेले असते. मनालीहून थेट आलेल्यांना तीच रात्र सर्वांत जड जाते.

ग्राम्फूला पोहोचल्यावर निवड करावी लागते. अंगात ताकद असेल आणि आकाश निरभ्र असेल तर 3978 मीटरवरचा रोहतांग चढून मनालीपर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा उतार घ्या. एव्हाना त्या उंचीची सवय झालेली असते. नाहीतर कोकसरमार्गे सिस्सूला उतरा आणि अटल बोगद्यातून सायकली पिकअपमध्ये टाकून न्या. नऊ किलोमीटरच्या त्या बोगद्यात गाड्यांच्या धुरात स्वतः सायकल मारण्यात मला काही अर्थ दिसत नाही.