जुन्या टीव्ही शोकेसचं सशासाठी घर करता येईल का?

येईल, पण आधी लाकूड बघा. भरीव लाकडाचं असेल तर बरं. प्लायवूड किंवा एमडीएफचं असेल तर विचार सोडा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे तो सतत कुरतडणार आणि त्यातला गोंद, सनमायका पोटात जाणार. जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. वाळवीचं औषध मारलेलं कपाटही नको.

आम्ही आमच्या शोकेसच्या काचा काढून दारांना वेल्डेड जाळी ठोकली, मागच्या फळीला हवेसाठी भोकं पाडली आणि मधला कप्पा काढून टाकला. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तरी कान छताला लागता कामा नयेत. तळाला मात्र जाळी अजिबात टाकू नका, तळपायांना जखमा होतात. लाकडात मूत्र मुरलं की वास जात नाही, म्हणून खाली विनाइलचा तुकडा अंथरा. त्याच्या कडा लाकडी पट्टीखाली दाबा, नाहीतर कडेपासूनच फडशा पाडेल. (आमच्याकडे पहिल्याच रात्री पाडला!) कोपऱ्यात शू-शीसाठी ट्रे आणि त्याला लागूनच सुकं गवत ठेवा. ससे खाताखाता तिथेच उरकतात, ट्रेची सवय पटकन लागते.

शोकेस खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, सशाला उकाडा सोसत नाही. आणि हे फक्त झोपायचं घर समजा. दार उघडं ठेवून रोज काही तास हुंदडायला सोडावंच लागेल. त्याआधी वायरी उचला.