मोडीचा क्लास संपला, हायसं वाटलं आणि करमेनासंही झालं

प्रश्न: मी रिटायर्ड शिक्षक, साताऱ्यात संध्याकाळी मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचा, क्लास घेतो. नुकतीच बॅच संपली. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी जाम कंटाळलेलो, बाराखडी घोटून आणा हे तरी किती वेळा सांगायचं, कधी एकदा संपतंय असं झालेलं. आणि आता सहा वाजले की घरात बसवत नाही. त्यात निम्मे लोक फक्त कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) कुणबी नोंद वाचता यावी म्हणून आलेले, २०२३ पासून गर्दी तशीच असते. काम झालं की फोनसुद्धा नाही. राग येतो आणि मग वाटतं आपण कोण रागावणारे. असं का होतं?

उत्तर: सर, हायसं वाटलं तर वाटू द्या की. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत जायची, हे पन्नाशीतल्या माणसांच्या हातात बसवणं म्हणजे शिकवणाऱ्याचाच घाम निघतो.

त्या नोंदवाल्यांवर मात्र रागावू नका. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही, अशा पानावर ज्याने पणजोबांचं नाव स्वतः बोट ठेवून वाचलं त्याला तुम्ही अजून काय शिकवणार होता? त्याला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं, तो गेला.

मला वाटतं तुमची खरी रुखरुख दुसरीच आहे. पोरांना पेशवेकाळातलं वळणदार अक्षर येतं, पण कुणा कारकुनाने घाईत खरडलेला कागद आला की गाडी अडते, आणि क्लास नेमका तिथेच संपतो. ते तीन-चार महिन्यांत कुणालाच जमत नाही हो, नुसता वाचत राहायचा प्रकार आहे तो. म्हणून ज्यांना खरंच गोडी लागलीय अशा दोघा-तिघांना शनिवारी बोलवा, प्रत्येकाने घरातला एखादा जुना कागद आणायचा. नुसत्या तारखेवर तासभर जाईल बघा, 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे अरबीत दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना) ११७२, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२, आणि वर्ष मृगापासून, जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं म्हणून महिना बघूनच काय मिळवायचं ते ठरवायचं, यावर भांडणं ठरलेली. तिथे बाराखडी काढायची नाही, फी पण घ्यायची नाही.

नवी बॅच लगेच नको, दिवाळीनंतर बघा. तिची फी मात्र थोडी वाढवा.