जुन्या एस्टीमला स्टेनलेसची सायलेन्सर लाईन: नागपुरात करून घेताना काय बघायचं?

तुमची 2001 ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) मारुती एस्टीम, सायलेन्सरचा मागचा डबा खालून सडलेला, आणि फॅब्रिकेटर म्हणतो की दोन इंची स्टेनलेस पाईप टाकू, आवाजही भारी येईल. टाकावा का, असं विचारलंय. स्टेनलेस जरूर टाका, पण दोन इंची नको आणि आवाजासाठी तर मुळीच नको.

आधी डबा का सडला ते पाहा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रोज धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच चालत असेल तर मागचा डबा नीट तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून नवीन डबाही स्टेनलेसचाच हवा, आणि त्याच्या सर्वांत खालच्या जागी 3 मिमीचं भोक हवं. नुसता पाईप स्टेनलेसचा करून डबा साध्या पत्र्याचा ठेवला तर दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा तेच.

मापाचं सांगतो. 1298 सीसीच्या या इंजिनाला बाहेरून पावणेदोन इंच, म्हणजे 44.5 मिमी, आणि 1.5 मिमी जाडी पुरते. त्याहून मोठा पाईप घातला की गॅसचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी मरगळते आणि वर्धा रोडवर एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये घूं-घूं सुरू होतं. दोन इंची सुचवतात, कारण त्या मापाचे डेअरी बेंड, म्हणजे डेअरीच्या पाइपिंगला लागणारे वळणाचे तुकडे, तयार मिळतात. पावणेदोनचे मागवावे लागले तर चार दिवस थांबा. पाईप दाबून वाकवू देऊ नका, वळणावर तो चपटा होतो.

इतवारीत लोहाओळीकडे पाईप बघायला जाल तेव्हा ग्रेड 304 मागा. चुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही. रेलिंगला वापरतात त्या 202 लाही चुंबक चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी असल्याने तो लवकर गंजतो. उलट 409 ला चुंबक चिकटतं आणि कंपनीच्या लाईनमध्ये तोच ग्रेड सर्रास असतो. त्यामुळे पाईपवर छापलेला ग्रेड वाचा, टेस्ट सर्टिफिकेट मागा, नाहीतर दुकानदाराला ग्रेड ओळखायच्या द्रावणाचा थेंब टाकून दाखवायला सांगा. माल किलोवर मिळतो. या मापाचा पाईप मीटरला साधारण 1.6 किलो भरतो, 6 मीटरची पूर्ण नळी 10 किलोच्या आत बसते.

वेल्डिंग आर्गन वायूचंच (टिग) करा. 304 ला 304 जोडताना 308एल रॉड, जुन्या लोखंडी फ्लँजला जोडताना 309एल. इथे बहुतेकांची एक चूक होते. बाहेरून आर्गन असतो, पण पाईपच्या आत हवाच राहते. मग वरून टाका सोनेरी दिसतो आणि आतून फुलकोबीसारखा काळा, खरखरीत थर येतो. तडा तिथूनच सुरू होतो. पाईपची दोन्ही टोकं बंद करून आतही आर्गन सोडायला सांगा, आणि पहिला जोड झाला की टॉर्च लावून आत डोकावून बघा. लोखंडावर वापरलेला ग्राइंडिंग व्हील किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू देऊ नका, लोखंडाचे कण रुततात आणि तिथेच गंज धरतो. गाडीखाली फक्त टाचे (जागा धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारायचे, तेही बॅटरीची वायर काढून आणि पेट्रोलची टाकी-पाईप झाकून. पूर्ण वेल्ड खाली उतरवून टेबलावर.

लाईन टांगण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. 304 लोखंडापेक्षा जास्त फुगतो. 3 मीटर लाईन सरासरी 300 अंशांनी तापली तर सुमारे 15 मिमी लांबते. हँगर ताठ वेल्ड केले तर ही लांबी जाणार कुठे? वेल्डशेजारीच चीर पडते आणि दोष पाईपला दिला जातो. म्हणून 10 मिमीची सळई मूळच्याच रबरांत बसवा. पुढे स्प्रिंगबोल्टचा जोड शाबूत असेल तर तो ठेवा. नसेल तर 150 मिमीचा जाळीदार फ्लेक्स (लवचीक तुकडा) घाला, कारण आडवं इंजिन पुढेमागे डोलतं. टाकी, ब्रेक पाईप आणि हँडब्रेकच्या केबलपासून किमान 25 मिमी अंतर राहू द्या. हे अंतर गाडी जॅकवर असताना तर मोजाच, पण चार माणसं बसवूनही मोजा. उष्णता अडवणारे पत्रे परत बसवायचे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढू नका. गाडीची 15 वर्षं उलटली आहेत, आरटीओत दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावीच लागते, पीयूसीही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज-धुरासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मागचा डबा आरपार जाळीचा घेतलात तर जाळीवर आधी स्टेनलेस वूल गुंडाळा, मग ग्लास वूल ठासून भरा. नुसतं ग्लास वूल हळूहळू धुरासोबत उडून जातं.

मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पहिल्या नळ्यांचे) नट आदल्या रात्री रस्टोलिनमध्ये (गंज सोडवायच्या तेलात) भिजवा, घाईत स्टड तुटतो. लाईनमधला ऑक्सिजन सेन्सर वेल्डिंगआधी काढून ठेवा. त्याच्या आधी कुठे बारीक गळती राहिली तर हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं, तो पेट्रोल वाढवतो आणि अॅव्हरेज पडतं. तपासायला थंड गाडी सुरू करा, मागे ओलं फडकं दाबा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे दिसले की गळती तिथे. 200 किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना लाईनचे बोल्ट एकदा परत आवळा.