काळजी योग्य जागी नेऊन ठेव

प्रिय डॉक्टर,

इंटर्नशिप संपवून तू साताऱ्यात स्वतःचा जनावरांचा दवाखाना काढते आहेस हे कळलं आणि मनापासून बरं वाटलं. फोनवर तू म्हणालीस की आजार ओळखायची भीती वाटत नाही, मालकांच्या प्रश्नांची वाटते. दहा जण दहा काळज्या घेऊन येतात, त्यांतली कुठली धरायची आणि कुठली सोडायची हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही, असं तुझं म्हणणं. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

काळजी सगळ्यांचीच खरी असते. पुष्कळदा ती चुकीच्या जागी असते, एवढंच. कुत्र्याचं नाक कोरडं पडलं म्हणून माणूस रात्री अकरा वाजता घाबऱ्याघुबऱ्या फोन करतो. आणि त्याच घरातली आठ वर्षांची कुत्री गेले पंधरा दिवस ढसाढसा पाणी पिते आहे, हे निघताना दारात उभं राहून सांगतो. त्याच्या मनातली काळजी नाकावरून उचलून त्या पाण्याच्या भांड्यावर नेऊन ठेवायची, हे तुझं काम. त्याला न दुखावता ठेवायची, हे त्याहून अवघड काम.

त्या पाणी पिणाऱ्या कुत्रीचंच घे. पहिला प्रश्न विचार, नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? नसेल तर दुसरा, माजावर कधी आली होती? महिना-दोन महिन्यांपूर्वी येऊन गेली असेल, आता खाणं कमी आणि पाणी जास्त असेल, तर सोनोग्राफी होईपर्यंत गर्भाशयात पू झालाय असंच धरून चाल. बाहेर स्राव दिसला तर मालक स्वतःहून धावत येतात. स्राव दिसत नाही, म्हणजे गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असतं, ती केस जास्त धोक्याची आणि तीच उशिरा येते. हे घरोघरी आधीच सांगत जा. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग ऑपरेशन करू' असं म्हणणारी प्रेमळ माणसं तुला रोज भेटतील. एका बाळंतपणाने तिच्या तब्येतीला काही फायदा होत नाही, आणि वेळेवर नसबंदी केली की गर्भाशयातला पू टळतो, स्तनांच्या गाठींची शक्यताही बरीच कमी होते, हे त्यांना शांतपणे, पुन्हा पुन्हा सांग.

कोरडं नाक, अधूनमधून गवत खाणं, मांजराने कधीतरी केसांचा गोळा ओकणं, यांवर फार वेळ घालवू नकोस. खाणं, खेळणं आणि शी-शू नेहमीसारखं आहे ना, तेवढं विचार आणि धीर देऊन पाठव.

'अंग गरम लागतंय' ही तक्रार मात्र हलकी घेऊ नकोस, आणि त्याचं कारण ताप हे नाही. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते गरमच लागणार. घरातला थर्मामीटर लावला तर 101 दिसतं, माणसाच्या हिशेबाने तो ताप, आणि मग औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल बाहेर येते. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करण्याची यंत्रणा जवळजवळ नसते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. लवकर आलं तर अॅसिटिलसिस्टीन देऊन वाचवता येतं. हे औषध माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं, तुझ्या कपाटात कायम असू दे. यकृताच्या याच उणिवेमुळे, ज्या घरात मांजर आहे तिथे फिनाइलने फरशी पुसू नका असं सांग. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटत बसतं. कुत्र्यांच्या बाबतीत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकची धास्ती जास्त. पोटात व्रण पडतात, किडनी जाते. जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर आपल्या देशात 2006 साली बंदी आली ती गिधाडं त्याने मरत होती म्हणून, हे तू शिकली आहेस. पण माणसांसाठीचं तेच औषध प्रत्येक घरात पडलेलं असतं.

म्हणून प्रत्येकाला विचार, 'घरी काही दिलंत का?' आणि उत्तर ऐकून चेहरा बदलू देऊ नकोस. तू एकदा रागावलीस की पुढच्या वेळी तो माणूस गोळीचं नाव लपवेल, आणि त्या लपवण्यात जनावर जाईल. त्याने जे केलं ते जिवापाड माया असल्यामुळे केलं, हे आधी त्याला सांग, मग गोळीचं सांग.

आता बोक्याचं. 'डॉक्टर, बद्धकोष्ठ झालंय, सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो.' कुणी घरी एरंडेल पाजलेलं असतं, कुणी तूप. तू पोटाला हात लाव. मोसंबीएवढं टणक मूत्राशय लागलं की समज, मूत्रमार्ग तुंबलाय. नराचा मूत्रमार्ग अरुंद, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि हृदयाची गती बिघडते. पूर्ण अडलेला बोका दोन दिवसांतही जाऊ शकतो. फोन घेणाऱ्या तुझ्या मदतनिसाला हे पक्कं शिकवून ठेव: बोका सारखा लघवीला बसतो आणि होत नाही असं कुणी म्हणालं, तर 'उद्या या' म्हणायचं नाही. मी नवीन मदतनिसाला सगळ्यात आधी हेच शिकवते.

मांजराच्या उपाशी राहण्याचंही असंच. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर बाकी ठीक असताना थोडं थांबता येतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मूळ दुखणं बाजूला राहून यकृताचंच दुखणं होऊन बसतं. 'रुसलीय, भूक लागली की खाईल' म्हणून लोक वाट पाहतात. त्यांना वाट पाहू देऊ नकोस.

पावसाळा लागला की तुझ्याकडे निम्मी रांग गोचिडांची असेल. मालकाला काळजी दिसणाऱ्या गोचिडांची. तू त्याचं लक्ष भिंतीकडे वळव. कुत्र्यावरची ती तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, खोक्यामागे लपते. मादी तिथेच हजारोंनी अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून घर तसंच ठेवलं तर महिनाभरात तीच माणसं नाराज होऊन परत येतात. रॉकेल, पेट्रोल लावू नका, ओढून काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, एवढंही सांग. आणि घरात मांजर आहे का, हे विचारल्याशिवाय कुत्र्याच्या गोचिडांचं औषध हातात देऊ नकोस. परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लागलं तर झटके येतात.

ताप, खाणं बंद, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, असं कुत्रं आलं की प्लेटलेट बघ आणि रक्ताची स्लाइड स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली घाल, रिपोर्टवर भिस्त ठेवू नकोस. गोचिडांतून येणारे रक्ताचे दोन आजार यामागे असू शकतात: एर्लिकिया डॉक्सिसायक्लिन या गोळ्यांनी आटोक्यात येतो, बॅबेसिया नुसत्या त्यांनी येत नाही. डॉक्सिसायक्लिन 28 दिवसांचं असतं आणि पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो. तिथेच गोळ्या बंद होतात. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाक की तो बरा दिसायला लागेल, तेव्हाच तुमची खरी परीक्षा आहे.

पावसाळ्यातला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, विसरू नकोस. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो, किडनी आणि यकृत दोन्ही धरतो, आणि माणसालाही होतो. काविळीचं कुत्रं हातमोज्यांशिवाय हाताळू नकोस, घरच्यांनाही त्याच्या लघवीपासून जपायला सांग. लेप्टोच्या लशीचा असर साधारण वर्षभरच टिकतो.

लशीवरूनच एक तक्रार येईल, तिच्यात राग असेल. 'लस दिली होती, तरी पार्व्हो कसा झाला?' या प्रश्नाला वेळ दे. पिल्लांना जीवघेणी हगवण लावणारा हा विषाणू 1978 च्या सुमाराला जगभर पसरला तेव्हापासून पिल्लांच्या दवाखान्यांचं ते सगळ्यात मोठं दुःख आहे. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण पिल्लाला काही आठवडे सांभाळतं, पण तेच संरक्षण लशीलाही निष्प्रभ करतं. ते कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा डोस 16 आठवड्यांचं झाल्यावरच. एक-दोन डोस झाले म्हणून पिल्लू सुरक्षित झालं, असं लोक समजतात. आणि ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथे सांत्वनासाठी लगेच दुसरं आणलं जातं. विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो, फिनाइलला जुमानत नाही, ब्लीच लागतं. हे सांगताना जीव जड होतो, तरी सांगायचं.

एक प्रसंग तुझ्या टेबलावर नक्की येईल. नवरा-बायको मांजर घेऊन येतील, मांजराला काहीच झालेलं नसेल. बायको गरोदर असेल आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं असेल की मांजर कुठेतरी सोडून या. त्यांना खुर्ची दे, घाई करू नकोस. टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी खरा आहे आणि गर्भाला त्याचा धोकाही खरा आहे, तो नाकारू नकोस. पण मांजराच्या शीतून तो सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बाहेर पडतो. आणि पडल्या पडल्या तो लागण करत नाही, त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ झाला, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणी केला, की धोका फारच कमी होतो. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी, मातीतले हात, हे मार्ग बहुतेक घरांत जास्त वापरातले असतात. मांजर घरातच ठेवा, त्याला कच्चं मटण घालू नका, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना मांजर असल्याचं सांगा. घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलायची गरज पडली तर तू स्वतः बोल. आजीबाईंना समजावलं की मांजर घरात राहतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

'मांजराचा केस पोटात गेला तर?' हाही त्याच घरातला प्रश्न. केसाने काही होत नाही. अॅलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची, आणि घरात दम्याचा पेशंट असेल तर त्याच्या डॉक्टरांकडे पाठव. मांजराच्या अंगावर गोल केस गेलेले डाग असतील तर ती बुरशी असू शकते आणि मुलांना गजकर्ण होऊ शकतं, तिकडे लक्ष वळव.

शाकाहारी घरात मांजर असेल तर दूध-पोळीचा विषय नाजूकपणे काढ. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं आणि ते मांसात असतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमकुवत होतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली उघड झाला. स्वयंपाकघरात मांस शिजवा, असं त्या कुटुंबाला सांगू नकोस. मांजराचं पूर्ण तयार खाद्य सुचव, बहुतेक जण आनंदाने ऐकतात. बरीच मोठी मांजरं दुधाने हगवतात, तेही सांग.

कधी कधी माणूस सगळं ऐकून नुसता गप्प बसेल. ते गप्प बसणं बहुतेक वेळा पैशामुळे असतं. खर्चाचा आकडा तू आधी, स्पष्ट, खालच्या आवाजात सांग, आणि दुसरा कमी खर्चाचा मार्ग असेल तर तोही त्याच दमात सांग. त्याला तोंड उघडून मागायला लावू नकोस.

म्हाताऱ्या जनावरांच्या मालकांना हाताला काम दे. कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाला श्वास मोजायचे. सतत 30 च्या वर जायला लागले तर फोन करायचा. हिरड्या गुलाबी आहेत का बघायचं. मांजराचं वजन महिन्यातून एकदा लिहून ठेवायचं, कारण किडनीचं दुखणं वजनात आणि पाण्याच्या भांड्यात आधी दिसतं. नुसतं 'काळजी घ्या' म्हटल्याने रात्री झोप लागत नाही, मोजायला काही दिलं की लागते.

रेबीजचं शेवटी लिहिते आहे, कारण त्यात तुझाही जीव आहे. चावल्यावर तिखट, चुना, हळद काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं आणि लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. 'आमच्या कुत्र्याला दरवर्षी इंजेक्शन असतं' म्हणून कुणाला थांबू देऊ नकोस. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं ते उपचार सुरू ठेवून. तुझे स्वतःचे प्रतिबंधक डोस कॉलेजात झाले असतील तर कार्ड शोध. नसतील तर 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी घेऊन टाक, मदतनिसालाही तुझ्या खर्चाने दे, आणि ते डोस पूर्ण होईपर्यंत त्याला भटकं कुत्रं धरायला लावू नकोस. तारखा मला कळव.

तुझी,
मॅडम