थायरॉईडच्या गाठीत सुई टोचून तपासणी करताना भूल मागावी का?

आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात एफएनएसीसाठी (बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासण्यासाठी) नेताय, सुईची धास्ती आहे, म्हणून विचारताय ना? ही सुई २३ ते २७ गेजची, म्हणजे रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक. एक-दोनदाच टोचायचं असेल तर बरेच डॉक्टर भूल देतच नाहीत, कारण भुलीचं इंजेक्शनही टोचतंच.

गाठ खोल असेल, सुई तीन-चारदा घालावी लागणार असेल, तर लिग्नोकेन हे भुलीचं औषध, १ ते २ टक्के, १-२ मिली, कातडीखाली देतात. ते आम्लधर्मी असल्यानं आग होते. १० भागांत १ भाग ८.४ टक्के सोडाबायकार्ब (आम्लता कमी करणारं औषध) डॉक्टरांनी मिसळलं की कमी होते. भुलीचं औषध जास्त भरलं तर कातडी फुगते, लहान गाठ बोटाला लागत नाही.

लिग्नोकेन-प्रिलोकेनचा मलमही चालतो, पण जाड थर लावून वर चिकटपट्टी, तीही किमान एक तास. ओपीडीच्या रांगेत तेवढा वेळ जातोच, सिस्टरला विचारून लावून घ्या. दहा मिनिटांत पुसला तर उपयोग शून्य. बधिर फक्त कातडी होते, आतला दाब जाणवतो. जी६पीडीची (तांबड्या रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर हा मलम नको.

दाताच्या भुलीची ॲलर्जी, रक्त पातळ करायच्या गोळ्या आधीच सांगा. सुई आत असताना गिळायचं, बोलायचं नाही. म्हणून तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) ठेवून टेबलावर जाऊ देऊ नका.